पावण्याला पांढरी

आमच्या घरात याद्या मी करते. किराण्याची, पावसाळ्याआधी उरकायच्या कामांची, लग्नात कुणी काय आहेर केला त्याची, आणि माळ्यावर कुठल्या पोत्यात काय आहे त्याची. लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले, तेव्हा माझी पहिली यादी बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, “ह्ये काय गं, परीक्षा हाय व्हय?” पुढं त्यांनाच इतकी सवय लागली, की डब्यावर चिठ्ठी नसली तर त्या डबा उघडायच्या नाहीत. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे राग आला की त्या अर्धं कानडीत बोलत, आणि ज्याच्यावर राग आहे त्याला ते अर्धंच कळत नसे.

सासऱ्यांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. पुढं भांड्यांचं दुकान, मागं आमचं घर. अप्पा गल्ल्यापाशी गादीवर बसत. त्यांच्यापुढं लाकडी फळी होती, आणि त्या फळीवर भांड्यांच्या बरोबरीनं बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असे. गिऱ्हाईक आलं की पट सरकवून पातेली पुढं यायची, गिऱ्हाईक गेलं की पातेली सरकवून पट पुढं यायचा. कधी गर्दीत सरकवायचं राहून जाई. हातकणंगल्याहून आलेल्या एका बाईनं कुकर पसंत केला आणि शेजारचा मोहरा उचलून विचारलं, “अप्पा, ह्यो घोडा कुकरासंगं फुकट हाय काय?”

अप्पा म्हणाले, “न्हाय बाई. त्यो अडकलाय, मोकळा झाला की देतो.”

दर आठवड्याला एक कोडं रचायचं, असा अप्पांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. ते इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत छापून यायचं. बिस्किटाएवढा चौकोन, त्याखाली ‘पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात’ एवढी एकच ओळ. पुढच्या रविवारी उत्तर आणि बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांची नावं. अप्पांचं स्वतःचं नाव इतकं बारीक असे, की ते वाचायला भिंग लागायचं. पण अप्पांना त्याचं काही नव्हतं. दुकानात पाणी भरायला येणारा माणूस ‘आज लई अवघड घातलंय की’ म्हणाला, की त्यांचा रविवार साजरा व्हायचा.

मग कधीतरी पेपरानं पुरवणी रंगीत केली आणि कोड्याच्या जागी राशिभविष्य आलं. पुढच्या आठवड्यातही अप्पांनी कोडं रचलं. त्याच्याही पुढच्या आठवड्यात रचलं. द्यायचं कुणाला, हा प्रश्न होता. अखेर एकदा जेवताना, ताटाकडं बघत, त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. “एक पुस्तक झालं असतं तर बरं झालं असतं. लई मोठं न्हाय. गल्ल्यावर ठिवायला.”

अप्पांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. हात धुऊन आल्याबरोबर मी कागद घेतला.

पहिली अडचण अशी, की अप्पांकडे एकही कात्रण नव्हतं. ज्या पेपरात कोडं छापून यायचं, तो दोन दिवसांत रद्दीत जायचा आणि रद्दीत आमच्याच दुकानातली भांडी गुंडाळली जायची. अप्पांची कोडी कळशांना आणि परातींना गुंडाळून जिल्हाभर गेली होती. मी हळहळले, तर अप्पा म्हणाले, “लोकांच्या घरात गेली न्हवं? मग झालं की.” उरले होते ते त्यांनी हातानं काढलेले मूळ कागद. ते सगळे एका मोठ्या स्टीलच्या डब्यात होते, पेढ्यांच्या दुकानात असतो तसल्या. कॅलेंडरच्या पानांमागं, बिलांच्या पाठीवर, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर पट्टीनं आखलेले पट. घरात रा, व, ह, उं, घो, प्या अशी अक्षरं, आणि काळ्या मोहऱ्यांच्या अक्षरांभोवती गोल. उत्तर म्हणून लाल पेन्सिलीचा एक बाण. इतकं स्वच्छ काम, की मला बघूनच बरं वाटलं.

दुसरी गोष्ट प्रस्तावनेची. ती पन्हाळ्याचे गुरुजी लिहिणार हे ठरलेलंच होतं. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं खाली उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत अप्पांशी डाव खेळायचे. बरोबर उत्तरं पाठवणाऱ्यांत त्यांचं नाव जवळजवळ दर रविवारी असायचं. जवळजवळ म्हणायचं कारण, फार पूर्वी एका कोड्याचं त्यांनी भलतंच उत्तर पाठवलं होतं. अप्पांचं उत्तर वजिराचं होतं, गुरुजींनी घोडा चालवला होता. अप्पांनी घोडा बाद केला. त्यावर गुरुजी एक अख्खा पावसाळा खाली उतरले नव्हते. नंतर उतरले, पण उंबऱ्यात चप्पल काढताना ‘काय शेठ, कसं काय’ म्हणायच्या ऐवजी ते आजही “काय शेठ, माझ्या घोड्याचं काय झालं?” असं विचारत. अप्पा म्हणत, “मेला. या, बसा. पांढरी घ्या.”

हे ‘पांढरी घ्या’ आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची, म्हणजे पांढरी मोहरी मिळणं हा मान. आणि मान पावण्याचा. समोर गुरुजी असोत, भांड्यांच्या कंपनीचा एजंट असो, नाहीतर बिल मिळेपर्यंत वेळ काढत बसलेलं गिऱ्हाईक असो, अप्पा पटाची पांढरी बाजू त्याच्याकडं फिरवून द्यायचे आणि स्वतः काळी घ्यायचे. ताटात पहिली पोळी पावण्याला वाढतात, तितकं हे सहज होतं. एकदा आमच्या ह्यांनी त्यांना पांढरी घ्यायचा आग्रह केला, तर अप्पा म्हणाले, “आपल्याच घरात बसून आपुनच पयलं सुरवात करायची? शोभतं व्हय?”

आता तिसरी गोष्ट, आणि ती माझ्या डोक्यातून निघालेली. छापायच्या आधी कोडी तपासून घ्यायची. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. छापून आल्यावर सापडलेली चूक काय करते, हे मी दर जूनमध्ये दाखले वाटताना बघते. आमच्या ह्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुकानाच्या हिशेबासाठी म्हणून कॉम्प्युटर आणला होता. हिशेब त्यात कधीच गेला नाही. अव्वांनी मॉनिटरवर विभूतीची तीन बोटं ओढली, वर विणलेलं झाकण घातलं आणि कॉम्प्युटर आमच्या मधल्या खोलीत देवघराच्या शेजारी सुखानं राहू लागला. त्याच्याबरोबर बुद्धिबळाची एक सीडी आली होती. पडद्यावर हवी तशी मोहरी मांडायची, पांढऱ्याची खेळी म्हणून सांगायचं, की जरा वेळ घरघर करून मशीन सांगणार, किती खेळ्यांत मात होते आणि कशी.

अप्पांना कल्पना आवडली. “त्येला बी कळू दे,” ते म्हणाले. कॉम्प्युटरला ते शेवटपर्यंत एखादा तालेवार पाहुणा समजत होते.

आम्ही रोज संध्याकाळी बसायचो. मी पडद्यासमोर, हातात कागद. अप्पा टेबलाच्या पलीकडं, मॉनिटरच्या पाठीमागं खुर्ची टाकून. ‘इकडं येऊन बघा’ म्हटलं तर नको म्हणायचे. “खेळताना समोरच बसायचं असतंय. शेजारी बसून बघणं म्हंजे कॉपी.” तेव्हा अप्पांना दिसायची ती मॉनिटरची पाठ आणि माझा चेहरा.

पहिलं कोडं बरोबर निघालं. वजीर, हत्ती, दोन राजे. मशीननं क्षणात उत्तर दिलं आणि ते लाल बाणाशी जुळलं. अप्पांनी अव्वांना हाक मारून चहा टाकायला सांगितला. दुसरं चुकलं. मी पुन्हा मांडून बघितलं. मशीन म्हणालं, दोन खेळ्यांत मात नाही. चार खेळ्यांतही नाही.

“बगू दे त्येला नीट,” अप्पा म्हणाले. “घाई करत असंल.”

तिसरं चुकलं. चौथं तर मशीन घ्यायलाच तयार होईना.

“घेत न्हाय म्हंजे?”

“अप्पा, ते म्हणतंय, असा पट असूच शकत नाही. काळ्या राजाला आधीच शह आहे, आणि खेळी पांढऱ्याची.”

“कुणाचा शह?”

“प्याद्याचा.”

“प्याद्याचा?” अप्पांनी मॉनिटरच्या पाठीकडं असं बघितलं, की जणू त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

त्या आठवड्यात आम्ही अर्धा डबा तपासला. अधूनमधून एखादं कोडं बरोबर यायचं, बाकी चूक. मी माझ्या पद्धतीनं कारण शोधायला लागले. बरोबर कोडी एकीकडं, चुकीची एकीकडं, आणि दोन्हींत काय फरक आहे त्याची यादी. कॅलेंडरमागची किती, बिलामागची किती. निळ्या शाईची, काळ्या शाईची. डोळ्यांचं ऑपरेशन होण्याआधीची आणि नंतरची. काहीही जुळेना. माझ्या आयुष्यात इतकी सुबक आणि इतकी निरुपयोगी यादी दुसरी झालेली नाही. मला मोहरी कशी चालतात तेवढंच कळायचं. पटाकडं बघून काही चुकल्यासारखं वाटावं इतका खेळ मला येत नव्हता.

आमच्या ह्यांनी सीडी पुसून बघितली. अव्वांनी विभूती पुन्हा लावली, या वेळी जरा जाड. शनिवारी अप्पा माझ्यासमोर येऊन बसलेच नाहीत. दुकानातून आत आले, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “छापखान्यात सांगून टाक. पुस्तक न्हाय.”

“अहो अप्पा, अजून निम्मी राहिलीत—”

“इतकी वर्सं लोकांना चुकीचं घातलं म्या. लोक बिचारी रविवारची डोकं खाजवत बसली. आता आनि त्येचं पुस्तक करायचं?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. आमच्याकडं साधं मीठ मागतानासुद्धा आवाज चढतो.

त्या दिवसापासून फळीवरचा पट गेला. त्याच्या जागी डझनभर चमचे आले. दुकानात येणारा जाणारा थबकून विचारायचा, “अप्पा, पट कुठं हाय?” आणि अप्पा त्याला चमचे दाखवायचे. अव्वांना ते बघवेना. “साकु की आता!” त्या माझ्यावर ओरडल्या. पुरे कर, म्हणजे काय पुरे करायचं ते मला कळेना, कारण मी तर सगळं थांबवूनच बसले होते. “त्या डबड्याला काय अक्कल? त्येनं कधी दुकान चालवलंय? कधी पेपरात आलंय त्येचं?” मग कॉम्प्युटरवर झाकण घालताना त्यांनी ते उलटं घातलं, विणीची गाठ वर ठेवून. ती त्याला शिक्षा होती.

गुरुजींना अप्पांनी निरोप पाठवला होता, की प्रस्तावनेची तसदी घेऊ नये. गुरुजी भर बाजाराच्या दिवशी, मिळेल त्या एसटीनं उभ्यानं येऊन दाखल झाले. चप्पल काढताना घोड्याचं विचारलं नाही.

“शेठ, हे काय ऐकतोय मी?”

“खरं हाय ते. कोडी चुकल्यात.”

“सगळी?”

“बरीच.”

“मग माझी उत्तरं बरोबर कशी आली?”

अप्पा चमचे पुसत राहिले.

“अहो, मी विचारतोय काय? इतकी वर्षं बरोबर उत्तरांत माझं नाव छापून येतंय. पन्हाळ्यावर मला लोक ओळखतात ते शिक्षक म्हणून नाही, ह्या नावावरून ओळखतात. तुमची कोडी चुकीची, म्हणजे माझी उत्तरं चुकीची. आता मी गडावर तोंड कुठं दाखवू?”

“तुमचं बी चुकलं असंल मग.”

“माझं? मी गणित शिकवलंय, शेठ! पेपरात बघून मी स्वतः पटावर मांडायचो. मात व्हायची. झाली, म्हणजे झाली. पेपरात बरोबर आणि मशीनमध्ये चूक, असं कसं होईल? काढा तो पट!”

त्यांचा आवाज ऐकून समोरच्या दुकानातले दोघं पायरीवर येऊन उभे राहिले. अव्वांनी आतून पट आणून फळीवर आपटला, चमचे बाजूला सारले आणि मला खूण केली: चहा. मी आत गेले, पण कान बाहेर.

“बसा,” अप्पांचा आवाज. “पांढरी घ्या.”

“आज तुम्ही घ्या पांढरी. तुमचं मन खट्टू झालंय.”

“माझ्या दारात येऊन काळी घेताय?”

“मी म्हणतोय ना, घ्या.”

“गुरुजी, माझी कोडी चुकली. पर अजून पावण्याला काळी द्यायची वेळ न्हाय आली!”

चहा होईपर्यंत हाच वाद चालला होता. शेवटी गुरुजी पांढरीकडं बसले, कारण दुसरं काही झालं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा अप्पांनी डब्यातला एक कागद काढून मांडीवर ठेवला होता आणि त्यावर बघून पटावर मोहरी लावत होते. गुरुजींनी हाताची घडी घालून पटाकडं टक लावली, मान डोलावली आणि वजीर सरकवला. अप्पांनी राजा हलवला. त्याला जायला एकच घर होतं. गुरुजींनी प्यादं शेवटच्या घरात ढकललं, त्याचा वजीर केला आणि फळीवर थाप मारली. “झाली की मात! ही काय! कोण म्हणतं चूक?”

मी अप्पांच्या पाठीशी उभी होते. मांडीवरचा कागद मी ओळखला. लग्नपत्रिकेमागचं ते कोडं मीच मांडलं होतं, आणि मशीन म्हणालं होतं, मात नाही. कागद आणि पट एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. म्हणजे अप्पांनी चूक केली नव्हती, मी पण केली नव्हती. पहिला कप पावण्याला, म्हणून मी वळसा घालून गुरुजींच्या बाजूला गेले. तिथून पुन्हा पटाकडं बघितलं.

माझ्या पडद्यावर ते पांढरं प्यादं खालून दुसऱ्या ओळीत होतं, अजून घराबाहेर न पडलेलं. गुरुजींच्या बाजूनं बघितलं, तर ते वरून दुसऱ्या ओळीत होतं, वजीर व्हायला एक पाऊल उरलेलं.

“अप्पा,” मी म्हणाले, “कोडं कागदावर काढताना पांढरी कुठल्या बाजूला काढता?”

“कुठल्या म्हंजे? समोर. पावण्याकडं.”

“आणि काळी तुमच्याकडं. म्हणजे कागदाच्या खाली.”

“मग? काळीकडंच बसतो न्हवं मी?”

ट्रे मी कुठं ठेवला ते मला आठवत नाही. अव्वांच्या म्हणण्याप्रमाणे पटावर ठेवला.

झालं होतं ते असं. छापलेल्या पटात पांढरी खाली असतात आणि त्यांची प्यादी वर चढतात. मशीनही तसंच धरून चालतं. अप्पा मात्र जन्मभर काळीकडं बसलेले. त्यांच्या कागदावर पांढरी वर, आणि त्यांची प्यादी खाली उतरायची. मी कागदावर होतं तसंच पडद्यावर मांडलं, आणि मशीननं अप्पांच्या सगळ्या प्याद्यांना उलट्या दिशेनं चालायला लावलं. वजीर, हत्ती, घोडा कुठल्याही दिशेनं चालतात, त्यांना फरक पडत नाही. प्यादं एकाच दिशेनं जातं. म्हणून ज्या कोड्यांत प्यादी नव्हती तेवढी बरोबर आली होती. माझ्या यादीत शाईचा रंग होता, प्यादी नव्हती.

“पण मग पेपरात सरळ कसं छापून यायचं?” गुरुजींनी विचारलं.

ते अप्पांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना एकेक गोष्ट विचारत गेलो. कागद घेऊन पेपरच्या ऑफिसात कोण जायचं? अप्पा. तिथं काय करायचे? चित्रं काढणाऱ्या माणसाच्या टेबलावर कागद ठेवायचे आणि समजावून सांगायचे. अप्पा कुठं बसायचे? “त्याच्या समोर.” कागद कुणाकडं तोंड करून? “माझ्याकडं. मी समजावून सांगायचो न्हवं?” तो माणूस टेबलाच्या पलीकडून बघून आपल्या बाजूनं पट काढायचा. त्याच्याकडून पांढरी खालीच होती. वर्षानुवर्षं दर आठवड्याला कागद त्या टेबलावर आपोआप फिरत होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

गुरुजी हसत सुटले. अप्पा हसले नाहीत. ते ताडकन उठले. “चला. त्या मशीनला दाखवू.”

मधल्या खोलीत जाऊन मी कॉम्प्युटर लावेपर्यंत दोघांनी मॉनिटरला हात घातला होता. एकानं एका बाजूनं, दुसऱ्यानं दुसऱ्या.

“काय करताय?”

“उलटा ठेवतो की,” अप्पा म्हणाले. “पट फिरवायचा म्हंजे मॉनिटर फिरवायला नको?”

“वायरी जपा, शेठ,” गुरुजी म्हणाले. गणित शिकवलेले गुरुजी.

“अप्पा, कागद फिरवला तरी चालेल,” मी म्हणाले.

दोघं थांबले. मॉनिटर खाली ठेवला. अव्वांनी पुढं होऊन झाकण उचललं आणि या वेळी सुलटं घडी करून ठेवलं, हे माझ्या लक्षात आलं.

अप्पा पलीकडं जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसले. गुरुजी म्हणाले, मी कॉपी करणार, आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मी लग्नपत्रिका उलटी धरली आणि मोहरी मांडली. मशीन घरघरलं. दोन खेळ्यांत मात. वजीर, मग प्यादं. लाल बाण जिथून जिथं जात होता तिथंच.

“बरोबर,” मी म्हणाले.

मॉनिटरच्या वरून अप्पांचं फक्त कपाळ दिसत होतं, विभूती लावलेलं. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. ज्याला मशीननं हात लावायला नकार दिला होता ते चौथंही निमूट घेतलं. मग लाइट गेली. दोन्ही म्हातारे, लाइट येईपर्यंत जेवणार नाही म्हणाले. अव्वांनी कानडीत काहीतरी म्हटलं आणि दोघांनाही तिथंच ताटं दिली.

त्या दिवशी गुरुजी राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. डब्याचा तळ दिसायला लागला आणि सगळी कोडी बरोबर निघत होती. मग एका जुन्या बिलामागचं कोडं आलं. मी मांडलं, मशीननं मात सांगितली, पण बाण वजिराचा होता आणि मशीननं घोडा चालवला.

माझ्या शेजारी उभे असलेले गुरुजी पडद्याकडं वाकले.

“काय?” पलीकडून अप्पा.

मी वजीर चालवून बघितला. मात. घोडा चालवून बघितला. मात. “अप्पा, ह्याची दोन उत्तरं आहेत. वजिरानंही होते आणि घोड्यानंही.”

एवढ्या वर्षांच्या एसटीच्या फेऱ्या एकदम वसूल झाल्यासारखा गुरुजींचा चेहरा झाला. त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं. मग अव्वांना बोलावून पुन्हा करायला लावलं. अव्वांना बुद्धिबळ येत नव्हतं, पण त्यांनी ‘व्हय की’ म्हटलं. मग गुरुजी मॉनिटरला वळसा घालून अप्पांपुढं जाऊन उभे राहिले. “शेठ. माझ्या घोड्याचं काय झालं?”

“जित्ता हाय,” अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “ते काढून टाक. ज्याला दोन उत्तरं त्ये कोडंच न्हवं. पुस्तकात न्हाय घालायचं.”

नियम तसाच आहे. कोड्याला पहिली खेळी एकच हवी. मी पेन उचललं, तर गुरुजींनी माझा हात धरला.

“काढायचं नाही!”

“तुमीच म्हणत होता न्हवं, चुकलंय म्हणून?”

“चुकलंय ना! म्हणून तर ठेवायचं! ते काढलं तर माझा घोडा कुठं राहिला? इतकी वर्षं भांडलो ते काय हवेत?”

अप्पा म्हणाले, न्हाय. गुरुजी म्हणाले, मग प्रस्तावना नाही. अप्पा म्हणाले, नसू दे. गुरुजी म्हणाले, मी आत्ताच्या आत्ता पन्हाळ्याला जातो. अप्पा म्हणाले, आत्ता एसटी न्हाय, सकाळी जा. त्यानंतर अव्वांनी जे म्हटलं ते सगळंच कानडीत होतं, पण कळलं दोघांनाही. कोडं शेवटच्या पानावर गेलं, खाली दोन्ही उत्तरं. घोड्याच्या उत्तरापुढं अप्पांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं: ‘हे उत्तर पन्हाळ्याच्या पावण्यांचे.’

पुढचं काम माझं होतं, म्हणजे वेळेत झालं. प्रुफं मी दोनदा तपासली. प्रत्येक पट पांढरी खाली, काळी वर, जसं जगात सगळीकडं असतं तसं. छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा अप्पा गल्ल्यावर होते. सुतळी कापून मी पहिलं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, उघडलं, आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

“ह्ये उलटं छापलंय.”

“अप्पा, सरळच आहे ते. आपण बोललो होतो ना.”

“व्हय व्हय,” म्हणाले, आणि पुस्तक उलटं केलं. अक्षरं उलटी झाली, पट सुलटे झाले. मग एकेक पान सावकाश, मान हलवत, प्रत्येक कोड्याला ओळखीच्या माणसाला भेटावं तसं.

ते पुस्तक नंतर गल्ल्यावर तसंच उघडं असायचं, फळीच्या पलीकडं तोंड करून. अप्पा आपल्या बाजूनं बघत बसायचे. एकदा घागर घ्यायला आलेल्या माणसाला राहवलं नाही.

“अप्पा, पुस्तक उलटं ठिवलंय की वो.”

“तुमच्याकडनं सरळ हाय न्हवं?” अप्पा म्हणाले. “बसा पावणं. पयली खेळी तुमची.”